तुमच्या फीडवर काय दिसावं हे कोण ठरवतं? ब्लॉकचेनमुळे ही निवड तुमच्या हातात येईल का?

मी ठाकुर्लीत राहते. काही महिन्यांपूर्वी आमच्या भागातल्या एका ऑनलाइन ग्रुपवर कुणीतरी पोस्ट टाकली होती, 'मंगळवारी दिवसभर पाणी येणार नाही, भरून ठेवा.' पोस्ट सोमवारी सकाळची. मला ती दिसली बुधवारी रात्री, डोंबिवलीहून स्लो लोकलने परत येताना. सोमवार ते बुधवार या तीन दिवसांत त्याच अ‍ॅपने मला एका सेलिब्रिटीच्या लग्नाचे फोटो, पाणीपुरीचे अकरा रील्स आणि मी कधीच फॉलो न केलेल्या एका मोटिव्हेशनल स्पीकरचे व्हिडिओ दाखवले होते. पाणीपुरी होती, पाणी मात्र नव्हतं.

गंमत सोडा, प्रश्न गंभीर आहे. त्या ग्रुपची मेंबर मी स्वतःहून झाले होते, पोस्टही माझ्याच कामाची होती. तरी ती मला कधी दाखवायची, दाखवायची की नाही, हे भलत्याच कुणीतरी ठरवलं. हे 'कुणीतरी' कोण? आणि हा अधिकार आपल्याला परत मिळू शकतो का?

गेली आठ-दहा वर्षं या प्रश्नाचं एक उत्तर वारंवार दिलं जातंय, ते म्हणजे ब्लॉकचेन. हे उत्तर किती खरं, किती खोटं, समजून घेऊया.

थोडक्यात सांगायचं तर

- फीडवर काय दिसेल हे ठरवण्याच्या प्रक्रियेला 'कंटेंट क्युरेशन' म्हणतात. आज हे काम बहुतांश वेळा कंपनीचा अल्गोरिदम करतो.
- ब्लॉकचेनमुळे तुमची ओळख आणि फॉलोअर्सची यादी कंपनीच्या ताब्यातून बाहेर काढता येते. फीड आपोआप चांगलं होत नाही.
- याचे प्रयोग झालेत. काही फसले, काही अर्धवट चालले. एका महत्त्वाच्या प्रयोगाचं मूळ थेट मुंबईत आहे.
- 'कधीच न पुसली जाणारी पोस्ट' हा फायदाही आहे आणि मोठा धोकाही.

क्युरेशन म्हणजे नेमकं काय?

पूर्वी हे काम संपादक करायचा. पेपरच्या पहिल्या पानावर काय जाईल, कुठली बातमी आत जाईल, कुठलं पत्र छापायचंच नाही, हे तो ठरवायचा. तो चुकायचा, पण त्याचं नाव पेपरवर छापलेलं असायचं आणि भांडायचं असेल तर ऑफिसला जाता यायचं.

सोशल मीडियावर हे काम तीन टप्प्यांत होतं. पहिला टप्पा निवडीचा. तुमच्यासाठी उपलब्ध असलेल्या हजारो पोस्टमधून काही शे पोस्ट बाजूला काढल्या जातात. दुसरा टप्पा क्रमवारीचा. तुम्ही कशावर थांबाल, काय लाइक कराल, काय शेअर कराल याचा अंदाज बांधून पोस्ट वर-खाली केल्या जातात. तिसरा टप्पा गाळणीचा. नियमबाह्य पोस्ट काढणं, काहींची पोहोच कमी करणं, काही अकाउंट बंद करणं हे इथे होतं.

या तिन्ही टप्प्यांमागचं गणित कंपनीच्या धंद्याशी जोडलेलं आहे. तुम्ही जितका वेळ अ‍ॅपवर, तितक्या जाहिराती जास्त. त्यामुळे 'तुमच्या कामाचं' आणि 'तुम्हाला थांबवून ठेवणारं' या दोन गोष्टींत अल्गोरिदम बऱ्याचदा दुसरी निवडतो.

मार्च २०२३ मध्ये ट्विटरने आपल्या शिफारस अल्गोरिदमचा काही भाग सार्वजनिक केला होता. पण रेसिपी वाचायला मिळाली म्हणजे स्वयंपाकघर आपलं झालं असं नाही. कोड दिसला, बदलण्याचा अधिकार कंपनीकडेच राहिला.

एका रात्रीत सगळं गेलं, असं कुणाचं झालंय?

खूप जणांचं. तीन प्रसंग आठवा.

पहिला, ऑक्टोबर-नोव्हेंबर २०१९. सर्वोच्च न्यायालयातले ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर अकाउंट बंद करण्यात आलं. त्यांनी कव्हरवर एक ऐतिहासिक फोटो ठेवला होता. १९३६ सालच्या जर्मनीतल्या त्या फोटोत गर्दीतला एकच माणूस नाझी सलाम न करता हाताची घडी घालून उभा आहे. अल्गोरिदमला फक्त नाझी सलाम दिसला, त्या माणसाचा विरोध दिसला नाही. अकाउंट परत मिळालं, पुन्हा एका जुन्या पोस्टवरून बंद झालं. याचा निषेध म्हणून बऱ्याच भारतीय युजर्सनी त्या नोव्हेंबरमध्ये मॅस्टडॉन या वेगळ्या नेटवर्कवर अकाउंट उघडली.

दुसरा, २९ जून २०२०. केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ अ‍ॅप्सवर बंदी घातली. कारण राष्ट्रीय सुरक्षेचं होतं, त्यावर इथे वाद नको. पण परिणाम बघा. सोलापूर, जालना, बीड अशा ठिकाणांहून शेतात, स्टँडवर, घराच्या गच्चीवर व्हिडिओ बनवणाऱ्या मराठी पोरापोरींनी जमवलेले फॉलोअर्स एका रात्रीत हातातून गेले. व्हिडिओ कुणी सेव्ह करून ठेवले असतील, पण फॉलोअर्स सेव्ह करता येत नाहीत. दुसऱ्या अ‍ॅपवर शून्यापासून सुरुवात.

तिसरा, जुलै २०२४. 'कू' हे भारतीय अ‍ॅप बंद झालं. मराठीसह अनेक भारतीय भाषांत लिहिता येणारं व्यासपीठ म्हणून त्याची बरीच चर्चा झाली होती. पैसा संपला, भागीदार मिळाला नाही आणि दुकान बंद. तिथे मराठीत लिहिणाऱ्यांचे वाचकही त्या दुकानासोबत गेले.

तिन्ही ठिकाणी कारण वेगळं आहे. एकदा कंपनीचा नियम, एकदा सरकारचा आदेश, एकदा धंद्यातलं नुकसान. पण युजरची अवस्था सारखीच. भाड्याच्या घरात राहून भिंतीवर खूप चित्रं काढली, घरमालकाने कुलूप बदललं.

ब्लॉकचेनवाले इथेच म्हणतात की घर भाड्याचं नको, मालकीचं हवं.

ब्लॉकचेन समजायचं तर सातबारा आठवा

जमिनीच्या व्यवहारात फेरफार नोंद असते. जमीन कुणाकडून कुणाकडे गेली, वारस कोण लागले, बोजा कधी चढला, याची एकामागून एक नोंद होते. जुनी नोंद खोडून नवी लिहायची नसते, जुन्याच्या पुढे नवी जोडायची असते. ब्लॉकचेनही तसंच. नोंदींचे गठ्ठे म्हणजे ब्लॉक, ते एकामागून एक जोडलेले म्हणजे चेन, साखळी.

फरक एवढाच की फेरफाराची वही एकाच कार्यालयात असते. ब्लॉकचेनमध्ये त्या वहीची तंतोतंत प्रत हजारो कॉम्प्युटर्सवर असते. एकाने गुपचूप आपल्या प्रतीत बदल केला, तर बाकीच्यांशी ती जुळत नाही आणि ती नाकारली जाते. शिवाय प्रत्येक गठ्ठ्यात आधीच्या गठ्ठ्याचा गणिती ठसा असतो. त्यामुळे मागची एक नोंद बदलायची तर पुढचे सगळे ठसे बदलावे लागतात.

या वहीत सही करायला 'प्रायव्हेट की' लागते. म्हणजे फक्त तुमच्याकडे असलेला एक गुप्त कोड. ती किल्ली सांभाळणाऱ्या अ‍ॅपला वॉलेट म्हणतात. इथे 'पासवर्ड विसरलात?' हे बटण नसतं. किल्ली हरवली की मालकी हरवली.

एक गैरसमज आधीच दूर करू. 'ब्लॉकचेन म्हणजे प्रचंड वीज' हे बिटकॉइनबाबत खरं आहे. पण इथेरियमने सप्टेंबर २०२२ मध्ये पद्धत बदलली आणि त्याचा वीजवापर ९९ टक्क्यांहून जास्त घटला. सोशल मीडियाचे आजचे बहुतेक प्रयोग अशाच कमी विजेच्या साखळ्यांवर आहेत.

सोशल मीडियात ही वही कुठे बसते?

कुठल्याही सोशल मीडियाचे चार मजले असतात असं समजा.

तळमजल्यावर तुमची ओळख, म्हणजे तुमचं अकाउंट. पहिल्या मजल्यावर तुमची नाती, म्हणजे तुम्ही कुणाला फॉलो करता आणि तुम्हाला कोण. दुसऱ्यावर मजकूर, म्हणजे पोस्ट, फोटो, व्हिडिओ. तिसऱ्यावर क्युरेशन, म्हणजे यातलं कुणाला काय दाखवायचं.

आज चारही मजले एकाच कंपनीचे आहेत. नव्या पद्धतीत खालचे मजले कंपनीबाहेर काढले जातात. ओळख आणि फॉलोअर्सची यादी सार्वजनिक वहीत जाते. मग तिसऱ्या मजल्यावर कुणीही फीड बनवणारं अ‍ॅप उघडू शकतं, कारण खालची माहिती सगळ्यांना खुली आहे. तुम्हाला एक अ‍ॅप आवडलं नाही तर दुसऱ्यात जायचं, तेही आपल्या फॉलोअर्ससकट.

मोबाइल नंबर पोर्टेबिलिटीसारखंच हे आहे. कंपनी बदलली तरी नंबर तोच राहतो. त्यामुळे कंपनीला तुम्हाला धरून ठेवण्यासाठी चांगली सेवा द्यावी लागते.

दुसऱ्या मजल्याबद्दल एक बारीक गोष्ट. व्हिडिओ आणि फोटो सहसा ब्लॉकचेनवर ठेवत नाहीत. ते महाग आणि संथ पडतं. साखळीवर फक्त 'ही पोस्ट या व्यक्तीची आहे' असा पुरावा असतो, मूळ फाइल दुसऱ्या सर्व्हरवर असते. फारकास्टर या नेटवर्कमध्ये अकाउंटची नोंद ऑप्टिमिझम या साखळीवर होते, पण पोस्ट वेगळ्या सर्व्हरच्या जाळ्यात राहतात. त्यामुळे 'सगळं ब्लॉकचेनवर आहे' असं कुणी म्हणालं तर विचारायचं, नेमकं काय आहे?

यात मुंबई कुठून आली?

२०१७ साली मुंबईत 'मॅटिक नेटवर्क' नावाची कंपनी सुरू झाली. जयंती कनानी, संदीप नेलवाल आणि अनुराग अर्जुन हे तिचे सुरुवातीचे संस्थापक. इथेरियमवर गर्दी झाली की व्यवहार संथ आणि महाग होतात. त्याला जोडून स्वस्त, वेगवान रस्ता बांधायचा हे त्यांचं काम. फेब्रुवारी २०२१ मध्ये मॅटिकचं नाव 'पॉलिगॉन' झालं. डेव्हलपर्सना सराव करायला त्यांचं जे चाचणी नेटवर्क होतं, त्याचं नावच 'मुंबई' होतं. एप्रिल २०२४ पर्यंत जगभरातले प्रोग्रामर 'मुंबईवर टेस्ट केलं का?' असं विचारत होते, ते आपल्या मुंबईबद्दल नव्हे तर याबद्दल.

याच पॉलिगॉनवर २०२२ मध्ये 'लेन्स प्रोटोकॉल' सुरू झाला. 'आवे' या क्रिप्टो प्रकल्पाचे संस्थापक स्टानी कुलेचोव्ह यांची ही कल्पना. लेन्समध्ये सुरुवातीला तुमचं प्रोफाइल ही तुमच्या वॉलेटमधली डिजिटल मालमत्ता असायची, म्हणजे एनएफटी. फॉलो केल्याची नोंदही साखळीवर. त्यावर वेगवेगळ्या टीमनी वेगवेगळी अ‍ॅप्स बनवली. एका अ‍ॅपमध्ये लिहिलेली पोस्ट दुसऱ्यात दिसते आणि प्रत्येक अ‍ॅप आपल्या पद्धतीने फीड लावतं. २०२५ मध्ये लेन्स पॉलिगॉन सोडून स्वतःच्या साखळीवर गेलं.

पॉलिगॉनचा महाराष्ट्रातला दुसरा वापर सोशल मीडियाशी थेट जोडलेला नाही, पण मुद्दा समजायला मदत करतो. मार्च २०२२ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्लीत ६५,००० जात प्रमाणपत्रांची नोंद पॉलिगॉनवर करण्याचा प्रकल्प जाहीर झाला. तंत्रज्ञान 'लेजिटडॉक' या कंपनीचं. प्रमाणपत्रावरचा क्यूआर कोड स्कॅन केला की ते खरं की बनावट हे कळावं, असा हेतू होता. ब्लॉकचेनची खरी ताकद इथे दिसते. 'ही गोष्ट या व्यक्तीची आहे आणि नंतर बदललेली नाही' हे सिद्ध करणं तिला उत्तम जमतं. 'ही गोष्ट चांगली आहे का, कामाची आहे का' हे तिला कळत नाही. आणि फीडचा प्रश्न तर नेमका हा दुसरा आहे.

मग लोकांनीच मतं देऊन ठरवलं तर?

हा प्रयोगही झालाय आणि त्याची कहाणी एखाद्या सहकारी संस्थेच्या निवडणुकीसारखी आहे.

२०१६ मध्ये नेड स्कॉट आणि डॅन लॅरिमर यांनी 'स्टीमिट' सुरू केलं. स्टीम नावाच्या ब्लॉकचेनवरचं हे लेखनाचं व्यासपीठ. कल्पना अशी की लेख लिहिणाऱ्याला आणि चांगला लेख लवकर ओळखून मत देणाऱ्याला, दोघांनाही टोकनमध्ये पैसे मिळतील. म्हणजे क्युरेशन करणाऱ्यालाही मोबदला. २०१९ पासून तर बक्षिसाची अर्धी रक्कम मत देणाऱ्यांना मिळू लागली.

पण मताचं वजन सारखं नव्हतं. ज्याच्याकडे टोकन जास्त, त्याचं मत जड. समजा तुमच्या सोसायटीत एकाचे चाळीस फ्लॅट आहेत आणि बाकीच्यांचा एकेक. मीटिंगमध्ये हात सगळे वर करतील, पण ठराव कुणाचा पास होईल? स्टीमिटवर तेच झालं. मतं विकत देणारे बॉट्स आले. स्वतःच्याच लेखाला मत देऊन बक्षीस घेणारे आले. चांगलं लिहिण्यापेक्षा मोठ्या टोकनधारकाशी ओळख काढणं फायद्याचं ठरू लागलं.

खरा धडा फेब्रुवारी २०२० मध्ये मिळाला. ट्रॉन या क्रिप्टो प्रकल्पाचे संस्थापक जस्टिन सन यांनी स्टीमिट कंपनी विकत घेतली. कंपनीकडे सुरुवातीपासूनचा टोकनचा मोठा साठा होता. तो वापरून ते साखळीवर ताबा घेतील या भीतीने जुन्या मंडळींनी तो साठा तात्पुरता गोठवला. मार्चच्या सुरुवातीला काही मोठ्या क्रिप्टो एक्स्चेंजमध्ये ग्राहकांनी ठेवलेले टोकन सन यांच्या बाजूने मतदानाला वापरले गेले आणि साखळी चालवणारी निवडून आलेली वीसच्या वीस माणसं बदलली. ठेवीदारांच्या पैशावर बँकेने सोसायटीची निवडणूक जिंकावी, तसा हा प्रकार.

पण गोष्ट इथे संपली नाही. २० मार्च २०२० रोजी नाराज लोकांनी संपूर्ण साखळीची प्रत काढली आणि 'हाइव्ह' नावाने वेगळी चूल मांडली. जुने लेख, अकाउंट, फॉलोअर्स असं सगळं सोबत गेलं. कंपनीचा वादग्रस्त साठा मात्र वगळला.

म्हणजे या एकाच घटनेत दोन्ही बाजू आहेत. ब्लॉकचेन असूनही पैसेवाल्याने ताबा घेतला, हे खरं. आणि ब्लॉकचेन असल्यामुळेच बाकीच्यांना सामानसुमानासकट घर सोडता आलं, हेही खरं. टिकटॉक किंवा कूच्या युजर्सना हा दुसरा पर्याय मिळाला नव्हता.

'टोकन लावा आणि यादी बनवा'

दुसरी एक कल्पना २०१७ मध्ये गाजली. तिचं नाव टोकन-क्युरेटेड रजिस्ट्री. समजा 'ठाकुर्ली परिसरातल्या विश्वासार्ह बातम्यांची पेजेस' अशी यादी बनवायची आहे. ज्याला यादीत यायचं आहे त्याने अनामत म्हणून टोकन ठेवायचे. कुणाला ते पेज खोटं वाटलं तर त्यानेही तेवढेच टोकन लावून आव्हान द्यायचं. मग टोकनधारक मत देणार. हरणाऱ्याची अनामत जिंकणाऱ्या बाजूला वाटली जाणार. खोटेपणा महाग पडला की लोक नीट वागतील, असा हिशोब.

अमेरिकेत 'सिव्हिल' या पत्रकारितेच्या प्रकल्पाने ही पद्धत न्यूजरूम निवडण्यासाठी वापरायचं ठरवलं. ऑक्टोबर २०१८ मध्ये त्यांची टोकनविक्री ठरलेल्या किमान ८० लाख डॉलर्सपर्यंत पोहोचलीच नाही. टोकन विकत घेण्याची प्रक्रिया इतकी किचकट होती की सामान्य वाचक वाटेतच थकला. २०२० मध्ये प्रकल्प बंद झाला.

आपल्याकडे 'चिंगारी' या शॉर्ट व्हिडिओ अ‍ॅपने 'गारी' नावाचं टोकन सोलाना साखळीवर आणलं. व्हिडिओ बनवा, बघा आणि टोकन मिळवा, असा प्रचार झाला. जुलै २०२२ मध्ये त्या टोकनची किंमत एकाएकी कोसळली. फीडला पैसे जोडले की लोक मजकुरापेक्षा भावाकडे जास्त बघतात, हे पुन्हा दिसलं.

ब्लॉकचेनशिवाय हे जमत नाही का?

जमतं, आणि आज तरी तेच जास्त चालतंय.

२०१६ मध्ये सुरू झालेल्या मॅस्टडॉनमध्ये एक कंपनी नाही. हजारो लहान सर्व्हर एकमेकांशी बोलतात, जसे वेगवेगळ्या कंपन्यांचे ईमेल बोलतात. फीड बहुतांशी वेळेच्या क्रमाने लागतं. आधीचं आधी, नंतरचं नंतर.

ब्लूस्कायची सुरुवात २०१९ मध्ये ट्विटरच्याच पैशातून झाली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ते सर्वांसाठी खुलं झालं. त्यात ब्लॉकचेन नाही, पण किल्लीने सही केलेला मजकूर आणि सोबत नेता येणारी ओळख या कल्पना त्याच कुळातल्या आहेत. क्युरेशनच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे तिथे मे २०२३ पासून कुणीही स्वतःचं फीड बनवून इतरांना देऊ शकतं. 'फक्त मराठी पोस्ट', 'फक्त मध्य रेल्वे', 'फक्त मांजरं', हवं ते. मार्च २०२४ पासून गाळणीही निवडता येते. म्हणजे कुठल्या पोस्टवर इशारा लावायचा, काय लपवायचं, हे ठरवणाऱ्या वेगवेगळ्या गटांपैकी तुम्हाला पटेल तो घ्यायचा. अर्थात ब्लूस्कायचा बराच डोलारा अजून एकाच कंपनीवर उभा आहे, हेही लक्षात ठेवायला हवं.

दोन महाराष्ट्रातल्या घटना, दोन अवघड प्रश्न

पहिली घटना पालघरची. नोव्हेंबर २०१२, तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यात होतं. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल एका तरुणीने फेसबुकवर पोस्ट लिहिली, तिच्या मैत्रिणीने ती लाइक केली. दोघींना अटक झाली. देशभर संताप उसळला. या अटकेमुळेच आयटी कायद्याचं कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयात पोहोचलं आणि २४ मार्च २०१५ रोजी ते रद्द झालं.

आता विचार करा. अशी पोस्ट न पुसता येणाऱ्या वहीत असती, तर कुणाच्या दबावाने ती नाहीशी करता आली नसती. हा फायदा. पण लिहिणाऱ्या मुलीला स्वतःला ती मागे घ्यावीशी वाटली असती, तर तिलाही जमलं नसतं. बाहेर जमाव उभा असताना 'तुझी पोस्ट अमर आहे' हे वाक्य दिलासा देणारं नाही. याहून वाईट म्हणजे कुणी एखाद्या बाईचे खासगी फोटो अशा जाळ्यात टाकले, तर ते काढायला सांगायचं कुणाला?

दुसरी घटना धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याची. १ जुलै २०१८ रोजी मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेतून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. ती माणसं भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातली, पोटासाठी मंगळवेढ्याकडून आलेली. त्या काळात अशा अफवा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होत्या. व्हॉट्सअ‍ॅप चॅटमध्ये अल्गोरिदम नाही. जे येतं ते क्रमाने दिसतं. म्हणजे 'क्युरेशन काढून टाका, सगळं आलबेल होईल' हेही खरं नाही.

त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणली. हा निर्णय एका कंपनीने घेतला आणि कोट्यवधी फोनवर लागू झाला. कुणीच मालक नसलेल्या नेटवर्कवर असा ब्रेक कोण लावणार? मतदान होईपर्यंत अफवा पुढच्या गावात पोहोचलेली असेल. विकेंद्रित सोशल मीडियाच्या समर्थकांकडे या प्रश्नाचं पूर्ण उत्तर अजून नाही.

कायदा काय म्हणतो?

फेब्रुवारी २०२१ च्या आयटी नियमांनुसार प्लॅटफॉर्मला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. खासगी, अश्लील स्वरूपाच्या फोटोंची तक्रार आली तर ते ठरावीक तासांच्या आत काढावे लागतात. अधिकाऱ्याचा निर्णय पटला नाही तर ३० दिवसांत सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येतं. या समित्या २०२३ पासून आहेत आणि बऱ्याच लोकांना त्या माहीतच नाहीत.

ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात आपली माहिती दुरुस्त करून घेण्याचा आणि पुसून घेण्याचा हक्क आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. 'पुसून टाका' हा कायदा आणि 'पुसता येत नाही' ही साखळी, यांचा मेळ कसा बसणार? व्यवहार्य मार्ग एकच दिसतो. वैयक्तिक मजकूर साखळीवर ठेवायचाच नाही, फक्त पुरावा ठेवायचा.

शिवाय टोकनमधून कमाई झाली तर कर आहेच. एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आणि जुलै २०२२ पासून व्यवहारावर १ टक्का टीडीएस.

युरोपने वेगळी वाट धरली. तिथल्या डिजिटल सेवा कायद्यानुसार फार मोठ्या प्लॅटफॉर्मना, तुमच्या सवयींवर आधारित नसलेलं निदान एक फीड द्यावंच लागतं. म्हणजे तंत्रज्ञान न बदलता, फक्त नियमाने युजरच्या हातात एक बटण आलं. आपल्याकडे असं बंधन नाही.

मग आज, आत्ता, आपण काय करू शकतो?

१. इन्स्टाग्रामवर 'फॉलोइंग' आणि 'फेव्हरिट्स', फेसबुकवर 'फीड्स', एक्सवर 'फॉलोइंग' हे पर्याय शोधा. तिथे शिफारशी कमी आणि तुम्ही निवडलेली माणसं जास्त दिसतात. बहुतेक अ‍ॅप्स काही वेळाने पुन्हा मूळ फीडवर आणून सोडतात, त्यामुळे सवय लावावी लागते.

२. यूट्यूबवर वॉच हिस्टरी बंद करून जुनी पुसली, तर होम पेजवरच्या शिफारशी जवळपास नाहीशा होतात. एकदा करून बघा, शांत वाटतं.

३. सेटिंगमध्ये जाऊन 'तुमची माहिती डाउनलोड करा' हा पर्याय वर्षातून एकदा तरी वापरा. अ‍ॅप उद्या बंद झालं तरी फोटो आणि लिखाण तुमच्याकडे राहील.

४. तुम्ही क्रिएटर असाल तर एकाच अ‍ॅपवर अवलंबून राहू नका. ईमेल यादी, स्वतःची वेबसाइट असं काहीतरी स्वतःच्या मालकीचं ठेवा.

५. ब्लॉकचेनवरचं अ‍ॅप वापरून बघायचं असेल तर पैसे न गुंतवता सुरुवात करा. वॉलेटचे १२ किंवा २४ गुप्त शब्द कागदावर लिहून ठेवा. त्याचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका, कितीही जवळचा माणूस मागत असला तरी. 'पोस्ट लाइक करा, टोकन दुप्पट' असं कुणी म्हणालं तर ती फसवणूक समजा. फसलात तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.

शेवटी मुद्दा काय?

ब्लॉकचेन तुम्हाला घर सोडून जाण्याचा हक्क देऊ शकतं, सामानासकट. हा हक्क मोठा आहे. कारण युजर जाऊ शकतो हे माहीत असेल तर घरमालक जरा नीट वागतो. पण नवीन घरात शेजारी कसे असतील, पाणी वेळेवर येईल का, अफवा पसरली तर कोण थांबवेल, हे साखळी सांगत नाही. ते काम माणसांचंच आहे.

आमच्या ठाकुर्लीतली ती पाण्याची पोस्ट माझ्यापर्यंत उशिरा पोहोचली, पण त्या मंगळवारी आमच्याकडे पाणी भरलेलं होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी सोमवारी संध्याकाळी बेल वाजवून आईला सांगितलं होतं. काकूंना कुणाला काय सांगायचं हे नेमकं कळतं, कारण बिल्डिंगमध्ये टाकी कुणाकडे आहे आणि कुणाकडे नाही हे त्यांना माहीत आहे. चांगलं क्युरेशन म्हणजे हेच. फरक इतकाच की काकूंनी कधी चुकीचं सांगितलं, तर त्यांच्या दारात जाऊन विचारता येतं. फीड ठरवणाऱ्याचं दारही असंच माहीत असावं आणि पटलं नाही तर दुसऱ्या दाराकडे जाता यावं, एवढीच तर मागणी आहे.